वीस फुटांवरून दशावतार

जत्रेतलं दशावतारी नाटक मोबाइलवर शूट करून पाहिलेल्यांना माझी अडचण वेगळी सांगायला नको. रंगमंचावरचा एलईडी फोकस पांढराफटक येतो, मुकुटाखाली चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड दिसतो, आणि झूम केलं की डोळे, नाक, मिशी सगळं एकमेकांत मिसळतं. आमच्या गावी, कुडाळ तालुक्यात, कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा असते. पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या कंपनीतले राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारे नट आता वयाने थकत चालले आहेत. त्यांचं काम एकदा तरी नीट, चेहरा कळेल आणि शब्द ऐकू येईल असं रेकॉर्ड व्हावं, एवढंच डोक्यात होतं. मी मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी. बॉडी, लेन्स, माइक, तिपाई सगळं धरून पन्नासेक हजारांच्या पलीकडे जाणं शक्य नव्हतं.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे जुना माल हाताळून बघता येतो, म्हणून ऑनलाइन न घेता तिथेच गेलो. डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांमध्ये, व्हिडिओ आला २००८ मध्ये. आधी निकॉन डी९०, आणि त्याच वर्षी फुल एचडी देणारा कॅनन ५डी मार्क २. त्यामुळे त्यानंतरचं काहीही तत्त्वतः चालण्यासारखं होतं. दुकानदार मात्र कॅननचा स्वस्तातला १३००डी किंवा १५००डी गळ्यात मारायला बघत होता. फोटोसाठी ते कॅमेरे ठीक आहेत, पण त्यांना बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. निकॉनच्या डी३४०० आणि डी३५०० चंही तेच. व्हिडिओसाठी जुना कॅमेरा शोधणाऱ्याने आधी ३.५ एमएमचं माइकचं भोक बघावं, मेगापिक्सेल नंतर. मी शेवटी कॅनन २००डी घेतला. हा २०१७ चा. फोरके नाही, पण स्क्रीन बाहेर वळते, माइक लागतो, आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस असल्याने व्हिडिओ चालू असताना फोकस शांतपणे सरकतो. बॉडीबरोबरच मिळणाऱ्या १८-५५ एमएमच्या किट लेन्ससकट अठ्ठावीस हजारांना पडला.

जुनी बॉडी बघताना सगळे शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा, विचारतात. व्हिडिओवाल्याला त्याचं फारसं काही नाही, कारण रेकॉर्डिंग चालू असताना शटर उघडंच असतं. मी तीन गोष्टी बघितल्या. लेन्सला झाकण लावून आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) ६४०० वर मिनिटभर रेकॉर्ड केलं आणि काळ्या चित्रात लाल-पांढरे ठिपके कुठे अडकलेत का ते पाहिलं. माइक लावून रेकॉर्डिंग चालू असताना त्याची पिन हलवली, म्हणजे खरखर येते का ते कळतं. आणि स्क्रीन सगळ्या बाजूंना फिरवली, कारण आतली पट्टी गेली तर दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. मेन्यूत सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते ठरवणारी व्हिडिओ सिस्टीम एनटीएससीवर होती, ती पालवर आणली.

ही शेवटची गोष्ट वाटते किरकोळ, पण आपल्याकडे तिचं मोल आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि शटर १/५० सेकंदाचा ठेवला की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे पूर्ण दोन ठोके मावतात आणि उजेड सारखा येतो. १/६० वर गेलात की ट्यूबलाइटखाली चित्रावरून पट्टे सरकायला लागतात. फ्रेम रेटच्या दुप्पट शटर ठेवला की हालचालही डोळ्याला बरी वाटते. म्हणजे शटर ठरलेला, त्याला हात लावायचा नाही. मग उजेड कमी पडला तर उरतात दोनच गोष्टी: आयएसओ वाढवणं किंवा लेन्स मोठ्या तोंडाची घेणं.

किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. आमच्या रंगमंचावरच्या उजेडात तिच्याबरोबर आयएसओ ६४०० लागत होता. काळ्या कपड्यातला संकासुर (दशावतारातला राक्षस) आला की काळ्यात रंगीत वाळू पेरल्यासारखी दिसायची. ५० एमएमची एफ १.८ लेन्स हीच जागा किती बदलते ते कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. ५.६ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा: जवळपास दहा. दहापट उजेड. म्हणजे जिथे ६४०० लागत होता तिथे ६४० पुरतो. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम (हे फोकस मोटरच्या जातीचं नाव) ही २०१५ पासूनची लेन्स, नवी घेतली तरी दहा हजारांच्या आतबाहेर. स्वस्तात डीएसएलआरवर व्हिडिओ करणाऱ्याला सगळेजण हीच लेन्स सांगतात, आणि उजेडापुरतं ते खरंच आहे.

पण लेन्स उजेडावर निम्मीच ठरते. उरलेली निम्मी ठरते उभं राहायला मिळणाऱ्या जागेवर, आणि ती जागा आपण ठरवत नाही. आमच्याकडे ती तात्यांनी ठरवली. तात्या माझे काका, देवस्थान कमिटीवर आहेत. सभामंडपात पुढे चटयांवर बायका-पोरं बसतात, त्यामागे खुर्च्या. मी मधोमध तिपाई उभी करायला गेलो तर तात्या म्हणाले, “थंय उभो रवलंस तर मागल्यांका दिसाचा नाय.” मग डाव्या बाजूच्या खांबाला टेकून जागा मिळाली. टेप लावून मोजलं तर बाकड्यापासून वीस फूट. दशावतारात रंगमंचावर सामान म्हणजे ते एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच अंतःपुर. म्हणून अंतर त्याच्यापासून मोजायचं.

२००डीचा सेन्सर आडवा २२.३ एमएम आहे. म्हणून एक सोपा हिशेब निघतो: फुटांतलं अंतर गुणिले २२, भागिले लेन्सचे मिलिमीटर. येणारं उत्तर म्हणजे चित्रात आडवी किती फूट जागा मावेल ते. वीस फुटांवरून ५० एमएमला पावणेनऊ फूट मावतात, म्हणजे बाकडं आणि त्याच्या दोन बाजूंना उभे दोन नट. २४ एमएमला सव्वाअठरा फूट, म्हणजे आमचा जवळपास सगळा रंगमंच. १८ एमएमला साडेचोवीस, म्हणजे रंगमंच आणि शिवाय बाजूचा जनरेटरवाला. १३५ एमएमला सव्वातीन फूट, म्हणजे एक चेहरा, मुकुट आणि खांदे. क्रॉप फॅक्टर १.६ आहे म्हणून ५० एमएम ही ८० सारखी वागते, वगैरे समजावणारे व्हिडिओ मी खूप पाहिले होते. पण ज्याने फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा कधी हातात धरला नाही त्याला ८० सारखी म्हणजे कशी, हे सांगून काय कळणार? फुटांचा हिशेब कळतो. आता कुठलीही लेन्स घ्यायची झाली की मी आधी जागा मोजतो आणि मग हा भागाकार करतो.

चेहऱ्यासाठी पहिली इच्छा ५५-२५० एसटीएमची होती. मित्राकडून एका संध्याकाळपुरती आणून पाहिली. लेन्स हलकी, मोटर शांत, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवते. पालखी दिवसा निघाली असती तर दुसरी लेन्स लागलीच नसती. पण लांबच्या टोकाला तीही एफ ५.६. रात्री पुन्हा ६४०० वरच यायचं, तेही आणखी लांबून. ८५ एमएम एफ १.८ हे चांगलं उत्तर होतं, फक्त माझ्या पैशात बसत नव्हतं.

मग बोरा बाजारातच एका काचेच्या कपाटात जुनी, पूर्ण हाताने चालवायची १३५ एमएम एफ २.८ मिळाली. एम४२ जातीची, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची. फिल्मच्या काळात या आट्यांच्या लेन्स कितीतरी देशांत बनायच्या. सोव्हिएत हेलिऑस ४४-२ याच आट्यांची, आणि ५८ एमएमची ती लेन्स आजही व्हिडिओवाले शोधत फिरतात. कॅननवर या लेन्स बसतात त्यामागे अंतराचं कारण आहे. एम४२ लेन्सला आपल्या बुडापासून फिल्मपर्यंत ४५.४६ एमएम अंतर हवं असतं आणि कॅननचं स्वतःचं अंतर ४४ एमएम आहे. मधल्या दीड मिलिमीटरमध्ये धातूची पातळ कडी बसते आणि लांबवरचा फोकसही व्यवस्थित होतो. निकॉनचं अंतर ४६.५, म्हणजे जास्तच, त्यामुळे तिथे काच असलेली कडी लागते आणि चित्र मऊ पडतं. जुन्या लेन्सचा मोह असेल तर स्वस्त कॅनन बॉडी घ्यावी, याचं हे साधं कारण.

लेन्स घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च मागून लावून समोरून पाहिली. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवायची. धूळ चालते, ती चित्रात दिसत नाही. ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्सचं तोंड लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर तेल नसावं, आणि फोकसची कडी मध्ये कुठे न अडकता फिरावी. ही लेन्स पाच हजारांच्या आत आली.

या लेन्सचं खरं सुख मला नंतर कळलं. एसटीएम लेन्सची फोकस रिंग ही तारेवरची रिंग आहे. ती फिरवली की मोटरला निरोप जातो आणि मग काच हलते. रिंगला सुरुवात नाही, शेवट नाही, त्यामुळे तिच्यावर खूण करता येत नाही. जुन्या लेन्सची रिंग दोन्ही टोकांना थांबते आणि जिथे ठेवली तिथेच राहते. मी तिच्यावर पांढऱ्या टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या: एक बाकड्याची, एक रंगमंचाच्या पुढच्या कडेची, एक पेटी-पखवाजवाल्यांची. दशावतारात नट कुठे कुठे येऊन बोलणार हे साधारण ठरलेलं असतं. संवाद आयत्या वेळी सुचलेले, पण जागा जुन्या. त्यामुळे राजा बाकड्यावरून उठून पुढे आला की मी डोळे न फाडता पहिल्या पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर रिंग नेत होतो. २००डीला फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवायची सोय, नाही. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी चित्र दहापट मोठं करून फोकस बघता येतो, सुरू झाल्यावर भरवसा त्या टेपचाच.

हा भरवसा लागतो, कारण वीस फुटांवर १३५ एमएम एफ २.८ ला वीतभर जागाच फोकसमध्ये राहते. नट बोलता बोलता नुसता पुढे झुकला तरी डोळे जातात. त्याच अंतरावर ५० एमएम त्याच एफ २.८ ला ठेवली तर पाचेक फूट मिळतात, दोन नट आपसूक त्यात मावतात. म्हणून एफ १.८ ची लेन्स घेतली तरी मी ती रात्रभर २.८ वर चालवली. त्यासाठी आयएसओ १६०० करावा लागला, आणि २००डीवर १६०० ला चित्र स्वच्छ राहतं. १.८ हे गाडीच्या स्टेपनीसारखं मागे पडून असावं. पार्श्वभूमी धूसर करून दाखवायची हौस दशावतारात कामाची नाही, मागे लाल पडद्याशिवाय आहे काय?

रात्रीच्या उजेडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लेन्सपेक्षा त्यानेच जास्त घाम काढला. हल्ली जाहिरातीतच ‘ट्रिकसीनयुक्त’ असं छापतात. धूर, आगीचे लोळ, रंग बदलणारे एलईडी. हे स्वस्तातले रंगीत एलईडी मंद करायचे झाले की भराभर चालू-बंद होऊन मंद होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि १/५० चा नियम पाळूनही चित्रावर पट्टे येतात. शटर खालीवर करून पाहिला, पट्टे बारीक-जाड झाले, गेले नाहीत. उपाय कॅमेऱ्याबाहेर होता. लाइटवाल्या मुलाशी आधी चहा पिता पिता बोललो: पुढचे दोन पांढरे फोकस पूर्ण तेजावर ठेव, मंद करू नकोस, रंगांचे खेळ मागच्या दिव्यांवर कर. पूर्ण तेजावर तो दिवा चालू-बंद होतच नाही, सरळ जळतो. पोरगा हुशार होता, त्याने रात्रभर पाळलं. नुसत्या निळ्या-जांभळ्या उजेडात चेहऱ्याचे बारकावेच उरत नाहीत, कुठलीही लेन्स लावा. दोन पांढरे दिवे टिकले म्हणून निदान मिशीचा रंग काळा आला.

एक्सपोजर पूर्ण हाती ठेवलं. ऑटोवर टाकलं की काळा संकासुर समोर येताच कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो आयएसओ चढवतो आणि संकासुराच्या लाल जिभेसकट सगळं उजळून जातं. मग सरस्वती येते आणि तो पुन्हा खाली. व्हाइट बॅलन्सही पांढरा कागद धरून एकदा ठरवून टाकला. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, शार्पनेस अगदी खाली. सपाट रंगांचे प्रोफाइल घालून नंतर रंग चढवायचे हे मोठ्या कॅमेऱ्यांना शोभतं. २००डीचं चित्र आठ बिटांचं, रंगाची माहिती आधीच कापलेली, त्यात ओढाताण केली की लाल पडद्यावर चौकोन दिसायला लागतात. हवा तसा रंग जागेवरच मिळवावा.

धूर सोडला की ५० एमएमचा ऑटोफोकस भटकतो. शिवाय त्या लेन्सची मोटर बारीक गुरगुरते आणि कॅमेऱ्यातल्या माइकला ते ऐकू जातं. म्हणून ट्रिकसीनच्या आधी लेन्स मॅन्युअलवर टाकत होतो. एरवी मात्र दोन नटांच्या लांबलचक वादावादीत, स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावून सोडून दिलं की ड्युअल पिक्सेल आपलं काम चोख करतो.

मग ते २९ मिनिटं ५९ सेकंद. एवढं झालं की कॅमेरा गुपचूप थांबतो. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा जकात लागायची, त्यापायी बहुतेकांनी ही मर्यादा घातली असं त्याचं कारण दिलं जातं. नारद आणि राजा यांचा वाद एकदा रंगला की चाळीस मिनिटं सहज जातात, त्यांना कोण सांगणार? मी पंचविसाव्या मिनिटानंतर पदाची वाट बघायचो. पेटीने सूर धरला, झांज वाजली, की थांबवून लगेच पुन्हा सुरू. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सलग चालू असल्यामुळे मधले दोन सेकंद गेले तरी पद तुटत नाही. २५ फ्रेमला मिनिटाला सव्वादोनशे एमबीच्या आसपास जागा लागते, ६४ जीबीच्या कार्डात साडेचार तासांच्या वर मावतं. बॅटरीचा मात्र भरवसा नाही. डमी बॅटरी घालून वायर जनरेटरला लावली आणि दोन खऱ्या बॅटऱ्या खिशात, कारण जनरेटर पहाटे एकदा बंद पडतोच.

आवाजाचं थोडक्यात. कॅमेऱ्यावरचा माइक फक्त नंतर जुळवाजुळव करण्यापुरता. रंगमंचावर वर टांगलेल्या माइकांचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायरने झूम एच१एन रेकॉर्डरमध्ये घेतला, पातळी बरीच खाली ठेवून, कारण पखवाज आणि झांज एकदम उसळतात आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. पैसे कमी असतील तर दुसरी लेन्स लांबणीवर टाका आणि रेकॉर्डर घ्या, हे मी कुणालाही सांगेन. चेहरा जरा धूसर असला तर लोक बघतात, संवाद कळला नाही तर उठून जातात.

नाटकाआधी रंगपटात शूट करायची परवानगी कंपनीच्या मालकांनी आनंदाने दिली. देवळामागची छोटी खोली, जो तो आपल्या ट्रंकेवर बसून हातातल्या आरशात बघत स्वतःचा रंग स्वतः करतोय. भिंत पाठीला लागली तरी समोरचा माणूस सहा फुटांवर. ५० एमएमला तिथे अडीच फूट मावतात, म्हणजे चेहरा दिसतो पण आरसा धरलेला हात जातो. इथे २४ एमएम एफ २.८ एसटीएम कामाला आली. बिस्किटाएवढी चपटी लेन्स, समोरच्याला तिचं दडपण येत नाही, आणि सोळा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, त्यामुळे मुकुटावरची टिकली, भुवईवरून फिरणारी काडी हेही मिळतं. ही मी घेतली ती खरं तर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात, फारशी अपेक्षा न ठेवता.

नाटकानंतर महिन्याभराने काटछाट करून एक तुकडा त्या राजपार्टीच्या नटांना दाखवला. गावातल्याच एकाच्या घरी टीव्हीला लॅपटॉप लावून. मला वाटलं होतं १३५ एमएमवरचे त्यांचे चेहरे बघून ते खूश होतील. रागाने थरथरणारी हनुवटी, घामाने ओघळलेला रंग, सगळं स्वच्छ आलं होतं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “येवढा म्होठा तोंड कित्याक? माझे पाय खंय गेले?”

लढाईचा प्रसंग होता. पखवाजाच्या बोलावर पाऊल टाकत, गिरकी घेत, तलवार फिरवत केलेलं ते युद्ध, आणि मी तिथे कंबरेच्या वरचं दाखवत होतो. त्यांचं म्हणणं, माझं काम पायात आहे, तोंड काय, रंग लावला की कुणाचंही राजासारखं दिसतं. मग त्यांनी मागे जाऊन जाऊन ५० एमएमवरचे, गुडघ्यापर्यंतचे तुकडे पाहिले, तेही पुरे पडले नाहीत. शेवटी सुरुवातीला गणपतीच्या वेळी मी नुसतं तपासायला म्हणून २४ एमएमवर घेतलेलं पाच मिनिटांचं चित्र लागलं. अख्खा रंगमंच, बाकडं, बाजूला पेटी-पखवाज, रिद्धी-सिद्धींचे पाय. ते म्हणाले, असं हवं.

मला ते सगळंच पटलेलं नाही. स्त्रीपार्टी करणाऱ्या नटाचा विलाप आहे, त्यात तो बाकड्यावर बसून जवळजवळ हलतच नाही. तो १३५ वरच बघावा, डोळ्यांतलं पाणी वीस फुटांवरून प्रेक्षकालाही दिसलेलं नाही. पण लढाई, प्रवेश, संकासुराची धावपळ, हे सगळं पूर्ण अंगाचं काम आहे आणि त्याला नुसता चेहरा मोठा करणारी लांबची लेन्स उपयोगाची नाही. चेहरा मोठा दिसला की काम चांगलं दिसतं ही सवय आपल्याला सिनेमा-मालिकांनी लावली आहे. दशावताराचे प्रेक्षक मुळात चटईवरून अख्खा माणूस बघत आले आहेत.

ज्या गोष्टी घेतल्या नाहीत त्यांचा पश्चात्ताप नाही. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) घेतला नाही, खांबाला टेकून रात्रभर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं काय काम? त्याऐवजी तेलावर फिरणाऱ्या डोक्याची व्हिडिओ तिपाई घेतली, फोटोवाल्या गोल डोक्याच्या तिपाईवर कॅमेरा आडवा फिरवताना झटके येतात. १०-१८ ची रुंद लेन्स सुंदर आहे, पण एफ ४.५ पासून सुरू होते. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, मात्र घ्यावा लागला, कारण दुसऱ्या दिवशी भर दुपारी देवळाबाहेर शूट करायचं होतं. उन्हात १/५० आणि एफ २.८ म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) उजेड जास्त, त्याला एनडी ६४ लागतो. किट लेन्सचं तोंड ५८ एमएम, जुनीचं ५५, चपटीचं ५२, पन्नासचं ४९. सगळ्यात मोठ्या मापाचा एक फिल्टर घेऊन बाकीच्यांना वीस-तीस रुपयांच्या वाढीव कड्या लावल्या.

पावसाळ्यात हे सगळं गावी ठेवत नाही. मुंबईतही हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवतो. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये असला की ठीक, वर गेला की जेल तव्यावर गरम करून पुन्हा टाकायचं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कोंडा लेन्समध्ये जातो, बुरशी थांबत नाही.

यंदाच्या जत्रेसाठी दुसरी बॉडी बघतोय, फक्त २४ एमएम लावून रात्रभर एका जागी ठेवायला. ५५०डी अगदी स्वस्तात मिळतो, पण तो चार जीबीची फाइल भरली की बारा मिनिटांत थांबतो, त्यामुळे निदान ७००डी तरी हवा. त्याचा ऑटोफोकस जुना आहे, पण बाकड्यावर फोकस लावून रिंगला हातच लावायचा नसेल तर त्याने काय बिघडतं. नऊवारीच्या बारीक चौकड्यांवर या जुन्या सेन्सरला लहरी उमटतात, तेवढं चालवून घ्यायचं. वीस फुटांवरून रंगमंचाच्या दोन्ही कडा जेमतेम मावतात, म्हणून ही तिपाई दोन फूट मागे जाईल. बावीस फुटांना २४ एमएमवर वीस फूट येतात, म्हणजे पेटीवालाही पूर्ण. त्यासाठी खुर्च्यांची एक रांग सरकवावी लागेल, आणि ते तात्यांना अजून सांगायचं आहे.